१०५४ सालचा पाहुणा तारा

४ जुलै १०५४ ची पहाट. चीनमधलं काइफेंग, सोंग बादशहांची राजधानी. आकाशाकडे बघत बसण्यासाठी दरबारात पगारी माणसं होती. ग्रहण, धूमकेतू, जे काही नेहमीचं नाही ते टिपून ठेवायचं, हीच त्यांची चाकरी. त्या पहाटे पूर्वेला, त्यांच्या ‘थ्येनक्वान’ ताऱ्याजवळ, त्यांना एक नवाच तारा दिसला. नोंद अशी आहे: शुक्रासारखा दिवसाही दिसतो, चहूबाजूंना किरण फुटलेले, रंग तांबूस पांढरा. २३ दिवस तो भर उन्हात दिसत राहिला. रात्रीच्या आकाशातून दिसेनासा झाला तो थेट ६ एप्रिल १०५६ ला. अशा ताऱ्यांना चिनी लोक ‘पाहुणा तारा’ म्हणत. आला, राहिला, गेला.

ऑगस्टच्या अखेरीस यांग वेइदे या दरबारी ज्योतिषाने बादशहाला कळवलं, की ताऱ्यावर पिवळसर झाक आहे, अर्थात राज्यात कोणी थोर पुरुष नांदतो आहे. पिवळा हा बादशाही रंग, हे सांगायला नकोच. वरिष्ठांना खूश ठेवण्याची कला किती जुनी आहे बघा! पण ही नोंद इतिहास विभागाकडे पाठवावी, अशी विनंतीही त्याने केली. तेवढ्यासाठी त्याला बाकी सगळं माफ.

आता तारखांचा मेळ घाला. तारा दिवसा दिसत होता त्याच २३ दिवसांत, १६ जुलैला, कॉन्स्टँटिनोपलमध्ये (आजचं इस्तंबूल) पोपचा दूत कार्डिनल हंबर्टने हागिया सोफिया या मोठ्या चर्चच्या वेदीवर तिथल्या मुख्य धर्मगुरूवरच्या बहिष्काराचा कागद ठेवला आणि तो तरातरा निघून गेला. ज्या पोपच्या वतीने हे चाललं होतं, तो नववा लिओ एप्रिलमध्येच वारला होता! रोम आणि पूर्वेकडचं चर्च वेगळे झाले ते या दिवसापासून, असं मानण्याचा प्रघात आहे. डोक्यावर एवढा दिवा जळत असताना युरोपातल्या बखरींत मात्र त्याचा निर्विवाद म्हणावा असा उल्लेख सापडत नाही.

कॉन्स्टँटिनोपलमध्येच त्या सुमारास बगदादचा एक ख्रिस्ती वैद्य होता, इब्न बुतलान. त्याने लिहून ठेवलं, की हिजरी ४४६ (इ.स. १०५४-५५) मध्ये मिथुनेत एक विलक्षण तारा दिसला आणि त्या शरदात साथीने इतकी माणसं गेली, की दफनभूमी भरल्या आणि १४,००० जणांना एका चर्चमध्ये पुरावं लागलं. ताऱ्यामुळे साथ आली, हा त्याचा समज सोडून देऊ. पण वर्ष नेमकं जुळतं. तारा खरं तर वृषभात होता, मग मिथुन कसं? आपल्याकडच्या सायन-निरयन वादातला हा जुनाच घोळ. सायन गणिताने, म्हणजे राशी ताऱ्यांऐवजी वसंतसंपातापासून मोजल्या तर, ती जागा मिथुन राशीत येते.

आणि आपल्याकडे? जुलै म्हणजे ऐन पावसाळा. इथलं आकाश ढगांनी गच्च. जयंत नारळीकर आणि संस्कृत अभ्यासक सरोजा भाटे यांनी जुन्या ग्रंथांत या ताऱ्याचा माग काढून पाहिला, पण ठाम म्हणावं असं काही हाती लागलं नाही. जमिनीवर मात्र धामधूम होती. याच सुमारास कोप्पमच्या लढाईत कल्याणीच्या चालुक्यांशी लढताना चोळ राजा राजाधिराज हत्तीवरच मारला गेला. धाकट्या भावाने रणांगणातच राज्याभिषेक करून घेतला आणि लढाई फिरवली. तमिळ शिलालेखांत राजाधिराजाला ‘हत्तीवर निजलेला देव’ म्हटलं आहे. कोप्पम म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं खिद्रापूर, असं काही अभ्यासक मानतात. काहींना ते कर्नाटकातलं कोप्पळ वाटतं.

आकाशात घडलं होतं ते असं. सूर्याच्या सुमारे आठ-दहा पट वस्तुमानाच्या एका ताऱ्याच्या गाभ्यातलं इंधन सरलं, गाभा स्वतःच्याच वजनाखाली कोसळला आणि वरचे थर उधळले गेले. तारा सुमारे ६,५०० प्रकाशवर्षं दूर, म्हणजे काइफेंगला दिसला तेव्हा स्फोट होऊन तितकीच वर्षं लोटलेली. उधळलेला वायू आज खेकडा तेजोमेघ म्हणून ओळखला जातो. तो सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर वेगाने पसरतो आहे. १९२८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने हा पसारा उलटा मोजला आणि हिशेब जवळपास ९०० वर्षांवर आला. चिनी नोंदीशी गाठ पडली ती अशी. गंमत म्हणजे नेमकं गणित केलं तर तारीख काही दशकं उशिराची येते, कारण मधोमध बसलेला न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळून घट्ट झालेला तोच गाभा, वायूला अजून बाहेर ढकलतो आहे. जेमतेम वीसेक किलोमीटर रुंदीचा हा गोळा सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो. त्याचे रेडिओ-लहरींचे स्पंद १९६८ मध्ये पकडले गेले.

पौषातल्या रात्री रोहिणी शोधा. तिथून बैलाची दोन शिंगं निघतात. त्यांतल्या मृगाकडच्या शिंगाच्या टोकाला जो मंद तारा आहे, तोच थ्येनक्वान. त्याच्यापासून दोन चंद्र मावतील एवढ्या अंतरावर, लहानशा दुर्बिणीतून, काचेवर फुंकर मारल्यासारखा पुसट डाग दिसतो.