पाळी चुकल्यानंतरचे ३५ दिवस

गर्भाचे वय मोजण्याची वैद्यकीय रीत काहीशी फसवी आहे. मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून होत असल्याने, दर २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईची पाळी चुकते, तेव्हा हिशेबात चार आठवडे आधीच जमा झालेले असतात. गोळ्यांनी गर्भपात करण्याची भारतातील मान्य मर्यादा नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस. हाती उरतात ३५. शंका येणे, घरात सांगणे, डॉक्टर शोधणे, सारे त्यातच बसवायचे.

गोळ्यांचे काम मात्र साधे आहे. पहिली, मिफेप्रिस्टोन, गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला निष्प्रभ करते; एकदोन दिवसांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलने (हे मुळात जठरातील व्रणावरचे औषध) गर्भाशय आकुंचन पावून पिशवी रिकामी होते. भूल किंवा शस्त्रक्रियागृह लागत नाही. गर्भ गर्भनलिकेत रुजलेला नाही ना, हे आधी तपासावे लागते, आणि रक्तस्राव थांबला नाही तर गाठता येईल असे रुग्णालय हवे.

गर्भपाताविषयीच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचे मत पुरते. तरीही, २०१५ साली देशात झालेल्या अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश आरोग्यसंस्थांबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असे 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकातील अभ्यास सांगतो. जागतिक आरोग्य संघटना प्रशिक्षित परिचारिकांनाही हे काम द्यावे म्हणते. आपल्याकडे ती मुभा केवळ ठरावीक पात्रतेच्या ॲलोपॅथिक डॉक्टरांना आहे, आणि खेड्यात नेमके तेच कमी.

महाराष्ट्रात अडचण आणखी वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली भरल्या, त्यानंतर या गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर ठेवली गेली आणि डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तरी 'आम्ही त्या ठेवत नाही' असे अनेक औषध दुकानांतून ऐकू येऊ लागले. स्त्रीभ्रूणहत्येचा संताप रास्तच होता, पण तो चुकीच्या औषधावर निघाला, असे माझे मत आहे. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग ओळखता येऊ लागते ते साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यानंतर. गोळ्यांची मुदत तोवर केव्हाच टळलेली असते. दुकानातून रिकाम्या हाताने परतलेली बाई दहाव्या आठवड्यात पोचली, की तिला निर्वात शोषणाची (नळीने ओढून गर्भाशय रिकामे करण्याची) सोय असलेले मान्यताप्राप्त केंद्रच गाठावे लागते, आणि ते बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असते.