कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घरी वापरताना : ठाणे, नवी मुंबईतल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह म्हणजे एका पेटीत बसवलेली तीन यंत्रं. मायक्रोवेव्ह मोडमध्ये मॅग्नेट्रॉन २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्यांनी पदार्थातलं पाणी तापतं. भांडं आणि आतली हवा थेट तापत नाही. ग्रिल लावला की वरची कॉइल तापते आणि पदार्थ वरून भाजला जातो. कन्व्हेक्शनमध्ये हीटरने तापलेली हवा पंखा आतल्या आत फिरवतो, म्हणजे ती खरीखुरी भट्टी होते. कॉम्बीमध्ये लहरी आणि उष्णता दोन्ही काम करतात.

तिन्हींचे नियम वेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या अगदी उलट. दुरुस्तीला येणाऱ्या ओव्हनमध्ये बिघाडाचं कारण बहुतेकदा हेच निघतं की एका मोडचा नियम दुसऱ्या मोडला लावला गेला. म्हणून स्टार्ट दाबण्यापूर्वी पडद्यावर कोणत्या मोडचं चिन्ह आहे ते वाचा.

जोडणी आणि जागा

ओव्हनच्या मागच्या स्टिकरवर प्रत्येक मोडला किती वॅट लागतात ते छापलेलं असतं. मायक्रोवेव्ह मोडला साधारण १२०० ते १४०० वॅट लागतात, कन्व्हेक्शनला २००० च्या पुढे. २३० व्होल्टवर २२०० वॅट म्हणजे साडेनऊ अँपिअर. साधं ६ अँपिअरचं सॉकेट जेमतेम १४०० वॅट पेलतं. कन्व्हर्जन प्लग (मोठ्या पिनेचा प्लग साध्या सॉकेटला जोडणारा) लावून ओव्हन साध्या सॉकेटवर चालवला, तर दूध-भाजी गरम करताना महिनोन्महिने काही बिघडत नाही. मग गणपतीत किंवा नाताळात कोणी अर्धा तास केक लावतं आणि प्लगची पिन काळी पडते, सॉकेट वितळतं. ओव्हनला १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला स्वतंत्र वायर आणि चालू अर्थिंग हवं. एक्स्टेन्शन बोर्ड नको. नौपाडा, चरईतल्या जुन्या इमारतीत किंवा सिडकोच्या जुन्या घरात राहत असाल, तर ओट्यावरच्या पॉईंटपर्यंत किती जाडीची वायर आली आहे ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर ओव्हन चालवू नका. वीज गेली की स्विच बंद करा. येताना व्होल्टेज वरखाली झालं तर सर्किट बोर्ड जातो.

मॉड्युलर किचनच्या खणात ओव्हन बसवताना खण मापाला माप करू नका. मोकळी जागा किती हवी हे मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. सर्वसाधारणपणे बाजूंना व मागे १० सेंटिमीटर आणि वर २० सेंटिमीटर तरी सोडा. जाळीतून निघणारी गरम हवा बाहेर पडली नाही की थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) उडतो आणि ओव्हन मध्येच बंद पडतो. वर क्रोशाचं कव्हर किंवा देवाची फुलदाणी ठेवू नका. बेकिंग संपल्यावर थंड करणारा पंखा काही मिनिटं आपोआप फिरत राहतो, तो थांबेपर्यंत भिंतीवरचा स्विच चालू असू द्या.

पहिल्या दिवशी

आतलं थर्माकोल, टेप, पुस्तिका सगळं काढा. मात्र आतल्या भिंतीवर, बहुधा उजव्या बाजूला, पुठ्ठ्यासारखा दिसणारा करड्या-तपकिरी रंगाचा एक चौकोन असतो. तो पॅकिंगचा पुठ्ठा नव्हे. ती अभ्रकाची शीट आहे, मॅग्नेट्रॉनच्या तोंडावर तेल आणि वाफ जाऊ नये म्हणून बसवलेली. ती उचकटू नका. मग रोलर रिंग (प्लेटखालची चाकांची कडी) आणि काचेची प्लेट बसवा, कन्व्हेक्शन २०० अंशांवर १५ मिनिटं लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. हीटरवरचं कारखान्यातलं तेल जळून वास आणि थोडा धूर येतो. तो एकदाच.

भांडी

मायक्रोवेव्ह मोडमध्ये काच, सोनेरी-चंदेरी कड नसलेली चिनी माती आणि ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं प्लॅस्टिक चालतं. स्टील, ॲल्युमिनियम, तांबं चालत नाही. मेलामाइनच्या ताटल्याही नकोत, त्या स्वतःच तापतात. हॉटेलातून आलेलं पार्सल त्याच डब्यात गरम करू नका, आणि कागदी पिशवी असेल तर तिची स्टेपलर पिन बघा. तेवढ्याशा पिनेने ठिणगी उडते आणि कागद पेटतो.

भांड्याबद्दल शंका असेल तर ते रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी कपभर पाणी ठेवा आणि एक मिनिट हायवर, म्हणजे पूर्ण शक्तीवर चालवा. पाणी गरम आणि भांडं गार, तर वापरा. भांडंच गरम झालं, तर नको. ही परीक्षा धातूच्या किंवा धातूची कड असलेल्या भांड्यांवर करायची नाही.

कन्व्हेक्शनमध्ये सगळं उलटं. इथे ॲल्युमिनियमचा केकचा डबा उत्तम आणि प्लॅस्टिक वर्ज्य, ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असलं तरी. ते १८० अंशांसाठी बनवलेलं नसतं. कॉम्बीत भांड्याला लहरी आणि उष्णता दोन्ही सोसाव्या लागतात, म्हणून बोरोसिलिकेट काच सगळ्यात निर्धास्त. ओव्हनबरोबर आलेला लोखंडी स्टँड कॉम्बीत चालतो का, हे मॉडेलनुसार ठरतं, पुस्तिकेत बघा. दुसऱ्या ओव्हनचा स्टँड यात वापरू नका.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. केक काढल्यावर लगेच त्याच ओव्हनमध्ये प्लॅस्टिकच्या डब्यातली भाजी गरम करायला ठेवतात. मोड मायक्रोवेव्हचाच असतो, पण भिंती आणि प्लेट अजून भट्टीइतक्या तापलेल्या असतात, डबा बुडाशी वितळतो. अर्धा तास जाऊ द्या किंवा काचेचं भांडं घ्या.

रिकामा ओव्हन

मायक्रोवेव्ह किंवा कॉम्बी मोड रिकामा चालवला तर लहरी शोषून घ्यायला काहीच नसतं. त्या परत मॅग्नेट्रॉनकडे जातात आणि तो तापून निकामी होतो. हा ओव्हनमधल्या महागड्या भागांपैकी एक. कन्व्हेक्शनचं प्रीहीट, म्हणजे पदार्थ ठेवण्याआधी ओव्हन तापवणं, मात्र रिकाम्यानेच करायचं असतं. घाईत कन्व्हेक्शनऐवजी कॉम्बी दाबून रिकामा ओव्हन दहा मिनिटं चालवला जातो आणि ते नंतर, पाणी तापेनासं झाल्यावर कळतं. घरात लहान मुलं असतील तर चाइल्ड लॉक लावून ठेवा.

रोजचं काम, ९०० वॅटच्या ओव्हनसाठी

इथे वॅट म्हणजे पदार्थाला मिळणारी मायक्रोवेव्ह शक्ती, सॉकेटमधून ओढली जाणारी वीज नव्हे. तुमच्या ओव्हनची ही शक्ती ७०० किंवा ८०० वॅट असेल तर वेळ थोडा वाढवा. आधी कमी वेळ लावून पुन्हा वाढवणं केव्हाही बरं. वेळ संपल्यावर पदार्थ दोन-तीन मिनिटं तसाच झाकून ठेवा, आतली उष्णता सगळीकडे पोचते.

फ्रीजमधला भात, एक वाटी : वर चमचाभर पाणी शिंपडा, सैल झाकण ठेवा, सव्वा ते दीड मिनिट. भात शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेला असावा. बाहेर राहिलेल्या भातात काही जिवाणू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करून जात नाही.

भाजी किंवा आमटी, एक वाटी : दीड मिनिट, मध्ये एकदा ढवळून. न ढवळल्यास कडा उकळतात आणि मधे गार राहते.

शेंगदाणे, एक वाटी : पसरट काचेच्या भांड्यात एकाच थरात, ३ ते ४ मिनिटं, दर मिनिटाला हलवून. बाहेर काढताना ते मऊच लागतात, गार झाल्यावर कुरकुरीत होतात. मऊ लागले म्हणून अजून दोन मिनिटं लावली तर साल तशीच राहते आणि दाणा आतून काळा पडतो. एक दाणा फोडून बघा, आत फिकट बदामी रंग आला की थांबा.

रवा, एक वाटी, चमचाभर तूप लावून : ३ ते ४ मिनिटं, दर मिनिटाला हलवून.

उडदाचा पापड : दोन्ही बाजूंना तेलाचं बोट, ४० ते ५० सेकंद. ओव्हनसमोरून हलू नका.

बटाटे, मध्यम आकाराचे ४ : प्रत्येकाला काट्याने सात-आठ ठिकाणी टोचा, ८ ते ९ मिनिटं, मध्ये उलटा, मग पाच मिनिटं झाकून ठेवा. टोचलं नाही तर वाफेने फुटतात. वांगी आणि टोमॅटोचंही तसंच. अंडं मात्र टोचूनही नको. कवचासकटचं अंडं आणि उकडलेलं सबंध अंडं दोन्ही फुटतात, कधी कधी बाहेर काढल्यावर हातात.

उकडीचे मोदक : ओलसर कपड्याखाली, ४ मोदकांना ३० ते ४० सेकंद. गुळाचं सारण उकडीपेक्षा फार लवकर तापतं. वरून कोमट लागला तरी आत जीभ भाजेल इतका गरम असतो, म्हणून मुलांना देण्यापूर्वी एक फोडून बघा. पुरणपोळीलाही हेच लागू.

गोठलेलं पापलेट किंवा सुरमईच्या तुकड्या, अर्धा किलो : डीफ्रॉस्ट म्हणजे साधारण ३० टक्के शक्ती, ५ ते ७ मिनिटं, मध्ये उलटून आणि तुकड्या सुट्या करून. शेपटीकडचा पातळ भाग शिजायला लागला की थांबा, उरलेलं बाहेर सुटतं. डीफ्रॉस्ट केलेली मासळी लगेच शिजवा, पुन्हा फ्रीजरमध्ये टाकू नका.

चहाचं किंवा औषधाचं पाणी नितळ कपात उकळीच्या पुढे तापतं, पण बुडबुडे येत नाहीत. पावडर टाकली किंवा कप हलला की एकदम उसळतं. तापवण्याआधीच कपात लाकडी काडी ठेवा आणि काढण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबा. बाळाचं दूध शक्यतो यात गरम करू नका. बाटली कोमट लागते आणि आतल्या दुधात एखादा भाग चटका देणारा असतो.

पोळी आणि भाकरी तव्यावरच गरम करा. इथे त्या वातड होतात. यात तळणही करायचं नाही, तेलाचं तापमान ताब्यात राहत नाही आणि ते पेटू शकतं.

बेकिंग आणि कॉम्बी

पंखा गरम हवा फिरवत असल्याने साध्या ओटीजीसाठी (पंखा नसलेल्या विजेच्या ओव्हनसाठी) लिहिलेल्या पाककृतीत १० ते २० अंश कमी करा. सात इंची डब्यातला केक : १६५ ते १७० अंशांवर प्रीहीट, बीप वाजल्यावर पटकन आत, ठेंगण्या स्टँडवर, ३० ते ३५ मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका, नाहीतर मध्यभाग बसतो. मग टूथपिक घालून बघा. डबा आणि भिंत यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर हवं. चौकोनी डबा घ्यायचा असेल तर त्याचा कर्ण मोजा. कोपरा भिंतीला अडला की प्लेट फिरत नाही आणि केक एका बाजूला करपतो. नानकटाई १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं; काढताना मऊ असते, गार झाल्यावर घट्ट होते.

कॉम्बी जाड आणि रसाळ पदार्थांसाठी आहे : चिकनचे लेग पीस, पनीर टिक्का, बटाट्याच्या जाड फोडी. लहरी पदार्थात थोड्या आत शिरून तो शिजवतात, हीटर बाहेरून रंग आणतो. हाडापर्यंत चिरे दिलेले, दह्यात मुरवलेले अर्धा किलो लेग पीस मायक्रोवेव्ह-ग्रिल कॉम्बीवर २० ते २५ मिनिटांत होतात, मध्ये एकदा उलटून. खाली ताटली ठेवा, गळणारं दही आणि चरबी प्लेटवर जळू देऊ नका. हाडाजवळ सुरी घाला, रस गुलाबी असेल तर अजून पाच मिनिटं. केक आणि नानकटाई कॉम्बीत करण्याचा मोह टाळा. वेळ वाचतो, पण पदार्थ कडक होतो.

सफाई

कपभर पाण्यात लिंबाच्या चार फोडी टाकून ४ मिनिटं हायवर लावा, पाच मिनिटं दार बंद ठेवा, मग ओल्या मऊ कपड्याने पुसा. तारेची घासणी नको. आतला रंग खरवडला की तिथे गंज येतो आणि पुढे ठिणग्या उडतात. अभ्रकाच्या शीटवर तेल साचलं की ते जळून शीटला भोक पडतं. आठवड्यातून एकदा ती हलक्या हाताने पुसा. गरम काचेची प्लेट गार पाण्याखाली धरू नका, तडकते.

इथल्या पावसाळ्यात आणि खाडीच्या दमट हवेत आत वाफ धरून राहते. वापर झाल्यावर आतून कोरडं पुसा. कोरड्या ओव्हनमध्ये कन्व्हेक्शन पाच मिनिटं चालवलं तर उत्तम. मागच्या जाळीतून झुरळं उबेला आत शिरतात आणि सर्किट बोर्डवर शॉर्ट करतात, तेव्हा ओट्यावर रात्री खरकटं ठेवू नका. झुरळांचा स्प्रे मात्र जाळीत मारू नका.

काही बिघडलं तर

आत काही पेटलं तर दार उघडू नका. हवा मिळाली की जाळ वाढतो. भिंतीवरचा स्विच बंद करा आणि विझेपर्यंत थांबा.

ठिणग्या उडत असतील तर लगेच थांबवा. भांड्याची कड, शीट आणि आतला रंग, या क्रमाने बघा.

दिवा लागतो, प्लेट फिरते, पण तापत नाही : एक कप पाणी २ मिनिटं हायवर ठेवा. ते उकळीला आलं नाही किंवा ओव्हन नेहमीपेक्षा मोठ्याने घुरघुरत असेल, तर वापर बंद करा. मॅग्नेट्रॉन, डायोड किंवा कपॅसिटर गेलेला असतो.

दार वाकलं, काच तडकली, बिजागरी सैल झाली किंवा लॅच नीट बसेना, तर ओव्हन चालवू नका. दारापासून ५ सेंटिमीटरवर गळतीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट आहे आणि ती मीटरनेच मोजता येते. आत मोबाइल ठेवून त्यावर फोन लावून बघणं ही गळतीची तपासणी नव्हे.

बाहेरचा पत्रा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनलाही हे काम सांगू नका, त्याने मायक्रोवेव्ह दुरुस्त केलेले नसतील तर.

आम्हाला फोन करण्यापूर्वी दाराच्या चौकटीवरच्या किंवा मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. बिघाड कोणत्या मोडमध्ये होतो, पडद्यावर कोणता कोड दिसतो आणि ओव्हन कोणत्या सॉकेटवर आहे, एवढं सांगितलंत तर आमचा माणूस योग्य सुटा भाग घेऊनच येईल.