अर्ध्या किलोत एक घोडा

शिरपूर तालुक्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीवर लिस्टर पद्धतीचं डिझेल इंजिन होतं. सहा हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, वजन तीनेकशे किलो. हँडल मारताना उलटा झटका बसला तर मनगट गेलंच. पण एकदा पुख-पुख सुरू झालं की दिवसभर बघायला नको. ते गार ठेवायला विहिरीचंच थोडं पाणी त्यातून फिरवलेलं असे; थंडीत त्या कोमट धारेखाली आम्ही हात शेकायचो.

म्हणजे एका घोड्यामागे पन्नास किलो लोखंड. आता राइट कंपनीचं आर-३३५० हे विमानाचं इंजिन बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-२९ बाँबरला अशी चार इंजिनं होती. प्रत्येकात अठरा सिलिंडर, २२०० हॉर्सपॉवर आणि वजन सुमारे बाराशे किलो. एका घोड्यामागे जेमतेम अर्धा किलो! माझ्या मते या इंजिनांची सगळी दुखणी या एका आकड्यात आहेत.

वजन वाचवायला क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचात, मॅग्नेशियम वापरलं. हा धातू पेटला की विझता विझत नाही. सिलिंडर नऊ-नऊच्या दोन गोल रांगांत, एकीमागे एक. गार करायला फक्त वारा, आणि मागच्या रांगेला तो पुढचीवरून तापून मिळायचा. जळालेला वायू बाहेर सोडणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायचे, तुटायचे, मग आग. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी सिएटलमध्ये बी-२९चा दुसरा नमुना इंजिनाच्या आगीमुळेच कोसळला. चाचणी वैमानिक एडी ॲलन त्यात गेले. १९४४मध्ये हीच विमानं खरगपूरला आली. तिथल्या उन्हात धावपट्टीवरच इंजिनांचं तापमान धोक्याच्या लाल रेषेला टेकायचं. आमच्या मे महिन्यातल्या धुळ्यात काय झालं असतं, कल्पना करा.

शिवाय पिस्टन धावतो, थांबतो, उलटा फिरतो. उड्डाणाच्या वेळी मिनिटाला २८०० फेरे, प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबणं. अठरा पिस्टनचा हिशेब केला तर सेकंदाला सोळाशेहून जास्त धक्के. जेटमधली चक्रं एकाच दिशेने गरगरतात, म्हणून तिथे ही झीजच नाही. याच इंजिनाची सुधारित आवृत्ती पुढे सुपर कॉन्स्टेलेशन या प्रवासी विमानावर बसली, आणि लोक त्या विमानाला 'जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनांचं विमान' म्हणू लागले. इंजिनं अर्थात चार होती, पण एखादं बंद पडायचंच.

तरी या इंजिनांबद्दल माणसं हळवी होतात. असं गोल इंजिन बंद पडून राहिलं की तेल खालच्या सिलिंडरमध्ये उतरतं. तसंच सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून आधी विमानाचा पंखा हाताने फिरवून अंदाज घ्यायचा. मग एकेक सिलिंडर खोकत, निळा धूर ओकत जागा होतो. हवाई दलाने जपलेलं 'परशुराम' हे जुनं डकोटा मालवाहू विमान २०२१च्या प्रजासत्ताक दिनी उडालं, तेही अशाच दोन गोल इंजिनांवर.

आमच्याकडे पुढे विजेची मोटार आली. बाबा मात्र मळ्यात गेले की आधी बंद इंजिनाचं चाक हाताने एकदा फिरवायचे. "जाम व्हई जाई ना," म्हणायचे.