काचमण्यांची छोटी चित्रे : मणी विकत घेण्याआधी

म्हापशातील आमच्या दुकानात बारीक काचमणी घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक आधी रंग निवडतात, घरी जाऊन चित्र ठरवतात आणि चित्र विणून झाल्यावर ते मनासारखे का उतरले नाही, हे विचारायला परत येतात. आधी चित्र, मग आलेख, मग मण्यांची मोजणी आणि सर्वांत शेवटी रंग असा क्रम ठेवला, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. त्यासाठीच हे माहितीपत्रक आम्ही तयार केले आहे.

मण्यांचे काम आपल्या घरांना नवे नाही. रुखवतात मांडलेली मण्यांची तोरणे आणि ताटावरची झाकणे अनेकांनी आजीच्या हातची पाहिलेली असतात. त्या कामातले मणी मात्र ठसठशीत असतात आणि एखादा लहानमोठा आला तरी नजरेत भरत नाही. छोट्या चित्रात प्रत्येक मणी म्हणजे आलेखावरचा एक चौकोन असल्यामुळे मण्यांचा सारखेपणा हीच पहिली गरज ठरते.

मण्याचा क्रमांक जितका मोठा, तितका मणी लहान. सहा क्रमांकाचा मणी सुमारे 4 मिलिमीटरचा, आठ क्रमांकाचा 3 मिलिमीटरचा, अकरा क्रमांकाचा गोल मणी 2 मिलिमीटरहून किंचित मोठा आणि पंधरा क्रमांकाचा दीड मिलिमीटरचा असतो. नव्याने शिकणाऱ्यांना आम्ही अकरा क्रमांकाचा नळीच्या आकाराचा जपानी मणी सुचवतो, कारण त्याच्या भिंती पातळ, भोक मोठे आणि कडा सरळ असल्याने मणी एकमेकांना चिकटून बसतात. झेक गोल मणी देखणे असतात, पण त्यांची जाडी थोडी कमीजास्त असते. कापडावर भरतकाम करताना ती शोभते, मागावर, म्हणजे उभे धागे ताणून बांधलेल्या छोट्या चौकटीवर, विणताना मात्र ओळ वाकडी होते. देशी मणी स्वस्त पडतात आणि तोरणाला, झालरीला उत्तम असतात. चित्रासाठी ते घ्यायचे असल्यास एकेक निवडून घ्यावे लागतात, हे आम्ही विक्रीच्या वेळीच सांगतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, ज्याकडे जवळजवळ प्रत्येकाचे दुर्लक्ष होते. शाळेच्या आलेखवहीतला चौकोन लांबी-रुंदीला सारखा असतो, मणी तसा नसतो. नळीच्या आकाराचा अकरा क्रमांकाचा मणी सुमारे 1.6 मिलिमीटर जाड आणि 1.3 मिलिमीटर लांब असतो, आणि मागावर त्याचे भोक आडवे राहत असल्याने चित्राच्या रुंदीत प्रत्येक मणी 1.3 आणि उंचीत 1.6 मिलिमीटर जागा घेतो. त्यामुळे आलेखवहीत तीस रकाने आणि तीस ओळींत काढलेला गोल चंद्र विणल्यावर 39 मिलिमीटर रुंद आणि 48 मिलिमीटर उंच, म्हणजे अंड्यासारखा लांबट होतो. गणपतीचा चेहरा असा ताणला गेला की दोष आपल्या हाताचा वाटतो आणि काम सोडून द्यावेसे वाटते. दोष असतो तो आलेखाचा. 4 सेंटिमीटरचा खरा गोल हवा असेल, तर सुमारे 31 रकाने आणि 25 ओळी घ्याव्यात. चार रुंद आणि पाच उंच या प्रमाणात आखलेले आलेखाचे कागद आम्ही मण्यांसोबत विनामूल्य देतो. तरीही आपला हात किती घट्ट आहे, यावर माप थोडे बदलते, म्हणून आधी दहा मण्यांच्या दहा ओळी विणून त्या पट्टीने मोजाव्यात आणि मगच आलेख पक्का करावा.

पहिल्या चित्रासाठी आम्ही निळ्या-पांढऱ्या आझुलेजोचा, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या चकचकीत टाइलचा, नमुना सुचवतो. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातील भिंतीवर दिसतात तशी अनेक टाइल्सवर पसरलेली दृश्ये मण्यांत आणणे कठीण असते. पणजीच्याच फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या घरांच्या दारांशी लावलेल्या नंबराच्या छोट्या टाइल्स मात्र या कामासाठीच घडवल्यासारख्या वाटतात : चौकोनी, दोनच रंगांच्या, भोवती नक्षीची चौकट असलेल्या. 5 सेंटिमीटरच्या टाइलसाठी 39 रकाने आणि 31 ओळी घ्याव्यात. दोन्ही संख्या विषम ठेवल्याने नक्षीला नेमका मधला मणी मिळतो. एकूण मणी 1209 होतात आणि या जातीचे मणी ग्रॅमला सुमारे 200 बसत असल्याने 6 ग्रॅम पुरतात. टाकाऊ मणी धरून पांढरे 10 आणि निळे 5 ग्रॅम घेतले, तर मध्येच खोळंबा होत नाही. गोव्याचा राज्यपक्षी असलेला पिवळ्या अंगाचा, लाल कंठाचा बुलबुल विणण्याची अनेकांची इच्छा असते. तो जरूर विणावा, पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, कारण काळ्या डोक्यातला फिकट डोळा एकाच मण्याचा असतो आणि तो एक रकाना सरकला तरी पक्ष्याचा चेहरा बदलतो.

मागावर उभे धागे रकान्यांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे या टाइलसाठी 40 लागतात. दहा किंवा बारा क्रमांकाच्या मणीसुईत दीड मीटर नायलॉनचा दोरा घ्यावा. एका ओळीचे सर्व मणी आलेखानुसार ओवून ती माळ उभ्या धाग्यांच्या खालून न्यावी, डाव्या हाताच्या बोटाने मणी वर दाबून प्रत्येक दोन धाग्यांच्या मध्ये एक बसवावा आणि सुई त्याच मण्यांतून परत आणावी, मात्र या वेळी उभ्या धाग्यांच्या वरून. परतीची सुई एखाद्या धाग्याखालून गेली, तर तिथला मणी बोट काढताच खाली लोंबतो. ते लगेच दिसते आणि तेवढीच ओळ उसवून सुधारता येते. सुईने उभा धागाच टोचला गेला, तर मात्र पुढे ओळ घट्ट ओढता येत नाही, म्हणून सुई मण्याच्या भोकाच्या वरच्या कडेला टेकवून न्यावी. हे काम सकाळी बाल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत) बसून, गडद कापडावर मणी पसरून केल्यास डोळ्यांना ताण कमी पडतो. रांगती मुले घरात असतील, तर उठताना मण्यांचे झाकण न विसरता लावावे.

रंगाविषयी दोन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. पार्श्वभूमीचा रंग एकाच वेळी, एकाच लॉटचा, म्हणजे एकत्र बनलेल्या मालातला, घ्यावा. काही वर्षांपूर्वी आमच्याच दुकानातून एका ग्राहक भगिनींना समुद्राचा निळा रंग दोन खेपांत, दोन लॉटचा दिला गेला. पाकिटांत तो सारखा दिसत होता, पण विणलेल्या चित्रात पाण्याच्या मधोमध सरळ रेघ उमटली. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक पाकिटावर लॉट लिहितो. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा दमट असते, त्यात किनाऱ्याजवळ खारेपणाही असतो. आतून चांदीचे अस्तर असलेले मणी अशा हवेत काळपट पडू शकतात आणि वरून धातूचा मुलामा दिलेले मणी हाताळून झिजतात. पूर्ण काचेतच रंग असलेले अपारदर्शक मणी सर्वांत टिकाऊ असतात. रंग वरून चढवलेला आहे की नाही, हे पाहण्यासाठी दोन-चार मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेल्या कापसात चोळावेत आणि कापसाला रंग लागल्यास ते चित्रात वापरू नयेत. सुती दोरा ओलीत कुजतो, त्यामुळे आम्ही तो या कामासाठी विकत नाही.

विणून झालेले चित्र थेट पुठ्ठ्यावर चिकटवू नये, कारण पुठ्ठा ओल धरतो आणि त्याला बुरशी येते. ते कापडावर टाचून फ्रेममध्ये बसवावे, काच आणि मणी यांत थोडी फट ठेवावी आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या चिऱ्यांच्या बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या भिंतीवर लावावे. न फोडलेली पाकिटे आम्ही बदलून देतो. दहा ओळींची नमुना पट्टी घेऊन आलात, तर आलेखाची मापे दुकानातच बसून आपल्यासोबत काढून देऊ.