पुरलेल्या मडक्याची युक्ती, जखमेच्या आत

माण, खटाव, आटपाडी, जत. या दुष्काळी पट्ट्यात रोप जगवायचं तर त्याच्या बुडाशी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरतात, पाणी भरतात, वर झाकण ठेवतात. भाजलेल्या मातीला अंगभर बारीक छिद्रं असतात. भोवतालची जमीन वाळली की ती त्यातून पाणी ओढून घेते, ओल असली की मडकं पाणी धरून ठेवतं.

मोडलेल्या हाडात रॉड बसवल्यावर डॉक्टरांना असंच एखादं मडकं हवं असतं, पाण्याऐवजी प्रतिजैविकाचं. धातूवर जिवाणू बसले की चिकट थर धरतात. या थरात दडलेल्या जिवाणूंना मारायला एरवीपेक्षा शेकडो पट औषध लागू शकतं. तेवढं जेंटामायसिनसारखं प्रतिजैविक शिरेतून दिलं तर मूत्रपिंड आणि कान, दोन्ही धोक्यात येतात. म्हणून औषध जागेवरच ठेवायचं. बुखहोल्ट्झ आणि एंगेलब्रेख्ट या जर्मन डॉक्टरांनी १९७० मध्ये हाडाच्या सिमेंटमध्येच, म्हणजे कृत्रिम सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या लुकणात, जेंटामायसिन मिसळण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरात आहे. पण त्या सिमेंटमधलं बहुतेक औषध आतच अडकून पडतं.

मग शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाची, पातळ फिल्म रॉडवर चढवली तर? औषध नुसतंच कालवलं तर त्यातलं बरंचसं पृष्ठभागाजवळ राहतं आणि पहिल्या दिवसातच धुऊन जातं. पाटाचं पाणी एकदम सोडल्यासारखं. आपल्याला हवं असतं ठिबक.

इथे सच्छिद्र खनिजाचे कण कामाला येतात. हॅलॉयसाइट नावाच्या मातीचे कण म्हणजे गुंडाळलेल्या चटईसारख्या नळ्या असतात. लांबी साधारण एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आतली पोकळी पंधरा-वीस नॅनोमीटरची, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचाही हजारावा भाग. औषधाचा रेणू जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा, तेव्हा तो आत सहज मावतो. भरायची रीत बघण्यासारखी आहे. कोरडी वीट पाण्यात टाकली की बुडबुडे निघतात ना? तसंच ही पांढरी भुकटी औषधाच्या द्रावणात कालवून भांड्यातली हवा पंपानं ओढतात. द्रावण फसफसतं, नळ्यांतली हवा बाहेर पडते. पंप थांबवून हवा परत सोडली की द्रावण आत घुसतं. हे दोन-तीनदा करायचं. नंतर भुकटी धुऊन वाळवायची, पातळ केलेल्या पॉलिमरमध्ये ढवळायची आणि काचेवर पसरायची, आंबापोळीसारखी.

आता औषधाला दोन वेशी ओलांडाव्या लागतात. आधी छिद्राच्या भिंतीपासून सुटून नळीच्या तोंडाशी यायचं, मग पॉलिमरमधून वाट काढायची. कण सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच पदार्थाचे, असले तर भिंतीवर ऋण भार आणि जेंटामायसिनवर धन भार असतो, त्यामुळे भिंत त्याला सहजी सोडत नाही. शिवाय झिरपण्याचा एक नियम मदतीला येतो. वाट दुप्पट लांब केली की लागणारा वेळ चौपट होतो.

फिल्म खरी उतरली का, हे जिवाणूंनाच विचारतात. जिवाणू पसरलेल्या अगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, बशीत फिल्मचा तुकडा ठेवून ती रात्रभर उबेत ठेवायची. सकाळी बशी गढूळ दिसते, पण तुकड्याभोवती स्वच्छ कडं उमटतं. तोच तुकडा रोज नव्या बशीत हलवत जायचं. कडं दिवसागणिक आकसतं.

आणि मला खरी काळजी वाटते ती या आकसण्याचीच. औषध जितके दिवस झिरपेल तितकं चांगलं, असं वाटतं खरं, पण शेवटच्या दिवसांत ते जिवाणू मारण्याइतकं उरत नाही. नुसतं त्यांना चुचकारत राहतं आणि चिवट जिवाणू निवडून निघतात. किती दिवस पुरवलं एवढंच सांगणारा प्रयोग म्हणूनच मला अर्धवट वाटतो. कधी आणि कसं थांबलं, हेही मोजायला हवं.

या बाबतीत कॅल्शियम कार्बोनेटच्या सच्छिद्र कणांकडून मला जास्त आशा आहे. संसर्ग झालेली जागा बऱ्याचदा आम्लधर्मी होते आणि आम्लात हे कण विरघळतात. म्हणजे जिवाणू माजले की औषध जास्त सुटणार. शेतातल्या चुनखडीच्या खड्यावर लिंबू पिळून पाहा, जो फेस येतो तीच ही क्रिया.