येताना रोजचे जुने बूट आणा, न धुता

पळणाऱ्यांच्या पायाच्या मापाचं इनसोल, म्हणजे बुटात आत घालायचं सोल, आम्ही बनवतो. त्यासाठी अपॉइंटमेंट देताना फोनवर आम्ही सांगतोच, तरी बरेच जण कालच घेतलेले कोरे बूट घालून येतात, नाहीतर जुने आणतात पण आदल्या रात्री मशीनला लावून चकाचक करून. मग परत बोलवावं लागतं आणि तुमची एक चक्कर फुकट जाते. रोज तेच सांगून घसा बसला म्हणून हा कागद छापलाय.

जुना बूट कशाला, ट्रेडमिल आहे ना, कॅमेरा आहे ना, असं विचारतात. आहे. पण कॅमेऱ्यासमोर पाच मिनिटं सगळेच नीट पळतात हो. दहाव्या किलोमीटरला दमल्यावर तुमचा पाय कसा पडतो ते बुटातच दिसतं. आम्ही आतलं सोल बाहेर काढतो, चवड्याखाली कुठं काळं पडलंय, कुठल्या बोटाचा खड्डा खोल गेलाय ते बघतो, बूट टेबलावर ठेवून मागून टाच कुठं कललीय ते बघतो, आणि मुख्य म्हणजे डावा-उजवा सारखा झिजलाय का ते बघतो. अंगठ्यावर बुटाची जाळी फाटली असेल तर बहुतेक वेळा बूटच लहान असतो, मग इनसोलचा विषयच संपला, आधी बूट बदला. धुतलं की आतले हे डाग जातात. चिखल असू दे, वास असू दे, आम्हाला सवय आहे.

एक मात्र, टाचेची बाहेरची कड झिजली म्हणून घाबरून येऊ नका. बहुतेक पळणाऱ्यांची तिथंच झिजते. यूट्यूबवर कोण काय सांगतं देव जाणे.

आता दुखण्याचं. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाच टेकवत नाही आणि जरा चाललं की बरं वाटतं, हे बहुतेक प्लांटर फॅशियाटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं. एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं म्हणून लोक हादरतात, पण तसं हाड काहीच न दुखणाऱ्या माणसांतही सापडतं. यात पोटरीचं स्ट्रेचिंग आणि पायरीवर उभं राहून हळूहळू टाच वर-खाली करण्याचा व्यायाम हेच खरं काम करतात, त्याला महिने लागतात. इनसोल तेवढ्या काळात पळणं सुसह्य करतं, इतकंच.

पोलीस भरतीची पोरं येतात ती नडगी धरून. जाहिरात निघाली की दुसऱ्या दिवसापासून रोज १६०० मीटर फुल स्पीडमध्ये, तेही कॅनव्हासच्या बुटात, मुली ८०० मीटर तशाच. महिनाभर आधी काहीच केलेलं नसतं. स्नायू लवकर तयार होतात, हाडाला वेळ लागतो. नडगीवर लांबच्या लांब ठणका असेल तर पळणं कमी करून, एक दिवसाआड करून बहुतेक सुधारतं. पण एका बोटानं दाबल्यावर हाडावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर आम्ही इनसोल विकत नाही, सरळ हाडांच्या डॉक्टरकडे पाठवतो. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला गेलेली बारीक चीर, पहिले दोन-तीन आठवडे एक्सरेत दिसत नाही बऱ्याचदा, त्यामुळे 'एक्सरे क्लिअर आहे सर' म्हणून परत मैदानात उतरू नका.

सातारा हिल मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांची तक्रार काळ्या नखांची. यवतेश्वरचा घाट चढताना नाही, उतरताना बोटं पुढं आदळतात. सगळ्यात लांब बोटापुढं हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे आणि वरच्या जादाच्या भोकातून लेस ओवून घोट्याजवळ घट्ट आवळायची, चवड्यावर सैल. हे फुकट शिकवतो, दुकानात कुणी सांगत नाही. बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात.

'पायाचा फोटो व्हॉट्सॲप करतो, इनसोल कुरिअर करा' असेही मेसेज येतात. नाही करत. फोटोत तळवा दिसतो, पण त्यावर अंगाचं वजन पडल्यावर काय होतं ते दिसत नाही. पहिल्याच दिवशी पैसे घेऊन इनसोल हातात का देत नाही याचाही काहींना राग येतो. आम्ही आधी तुमच्याच बुटात तात्पुरता फोमचा तुकडा चिकटवून देतो, दोन आठवडे पळून बघा, फरक पडला तरच मापाचं बनवायचं. काहींचं काम तयार इनसोलवर भागतं, तसं असेल तर तसंच सांगतो, त्यातही आमचं नुकसान नाही, ती माणसं चार जणांना पाठवतात.

आणि सैन्य भरतीवाल्यांनो, इनसोल घालून तळव्याची कमान तयार होत नाही. मेडिकलला अनवाणी उभं करतात. फ्लॅट फूट, म्हणजे कमान नसलेला सपाट तळवा, असून काही दुखत नसेल तर पळण्यासाठी काही करायची गरज नसते, फक्त त्या मेडिकलचं उत्तर आमच्याकडे नाही.

मापाचं इनसोल मिळाल्यावर पहिल्या दिवशी तासभरच घाला, तेही चालायला, मग रोज थोडं वाढवा, पळायला साधारण दोन आठवड्यांनी. कुठं टोचलं तर स्वतः ब्लेडनं कापू नका, घेऊन या, घासून देतो, त्याचे पैसे नाहीत. येताना हाफ पँट घाला, पेनकिलर घेऊन येऊ नका, जुने रिपोर्ट असतील ते आणा. संध्याकाळी गर्दी असते, सकाळी आलात तर निवांत बघता येतं.