सांधा लपवण्याची पावणेदोनशे वर्षे

२४ सप्टेंबर १८४८ रोजी चार्ल्स फॉन्टेन आणि विल्यम पोर्टर या दोन छायाचित्रकारांनी ओहायो नदीच्या अलीकडच्या काठावरून समोरचे सिनसिनाटी शहर टिपले. एका फोटोत ते मावणे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी कॅमेरा थोडा थोडा वळवत आठ पत्रे वापरले. चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे, म्हणजे डॅगेरोटाइप. जवळपास दोन मैलांचा नदीकाठ त्यांत आला: धक्क्याला लागलेल्या वाफेच्या बोटी, गोदामे, चर्चचे मनोरे. अलीकडे हे पत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा जेमतेम एक मिलिमीटरच्या घड्याळाच्या तबकडीवरचे काटेही वाचता आले. छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन तेव्हा नऊच वर्षे झाली होती. फोटो जोडून मोठे दृश्य उभे करण्याचे काम इतके जुने आहे. संगणक त्यात फार उशिरा आला.

कल्पना तर त्याहूनही आधीची, चित्रकारांची. एडिंबरामध्ये काम करणाऱ्या रॉबर्ट बार्कर या आयरिश चित्रकाराने १७८७ साली गोलाकार चित्राचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये खास इमारत उभारली. प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर उभा आणि चहूबाजूंनी चित्र, अशी ती रचना होती. हा प्रकार इतका लोकप्रिय झाला की टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर वर्षभरातच, १८०० साली, रॉबर्ट कर पोर्टरने श्रीरंगपट्टणच्या हल्ल्याचे अवाढव्य चित्र लंडनकरांपुढे मांडले. छायाचित्रकारांना या भव्यतेशी बरोबरी करायची होती. मात्र चित्रकाराला कधीच न आलेली अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली. ती म्हणजे दोन फोटोंमधला सांधा.

या अडचणीवर दोन वाटा निघाल्या. एक वाट सांधाच टाळण्याची. फ्रीडरिक फॉन मार्टेन्सने १८४५ च्या सुमारास पॅरिसमध्ये फिरत्या लेन्सचा कॅमेरा केला. त्यातला पत्रा वक्र होता आणि सुमारे १५० अंशांचे दृश्य एकसंध टिपले जाई. पुढे १९०४ मध्ये पेटंट घेतलेला सर्कट कॅमेरा स्वतःच गोल फिरे आणि आतली फिल्म त्याच गतीने सरके. शाळा, पलटणी, अधिवेशने यांचे लांबच लांब समूहफोटो त्याने काढलेले आहेत. दुसरी वाट म्हणजे सुटे फोटो काढून सांधायचे. ती कष्टाची, पण तिच्यात तपशील कितीही वाढवता येतो.

या दुसऱ्या वाटेवरचे एक थक्क करणारे काम भारतात झाले. १८५८ साली, म्हणजे उठाव चिरडला जात असतानाच, फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने दिल्लीत जामा मशिदीवरून आणि लखनौमध्ये उद्ध्वस्त शहराचे जोडपॅनोरामा, म्हणजे सुटे फोटो सांधून केलेली रुंद दृश्ये, काढले. त्यांची चर्चा नेहमी होते. पण माझ्या मते त्याच वर्षी तंजावरला लिनिअस ट्राइपने जे केले ते तंत्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ट्राइप हा मद्रास इलाख्याने नेमलेला अधिकृत छायाचित्रकार, मूळचा लष्करी कॅप्टन. बृहदीश्वर मंदिरातल्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेल्या लांबलचक मराठी शिलालेखामुळे ते मंदिर आपल्या परिचयाचे आहे. ट्राइपला मात्र विमानाच्या, म्हणजे गाभाऱ्यावरच्या मनोऱ्याच्या, जोत्याभोवती फिरत गेलेला चोळकालीन तमिळ लेख टिपायचा होता. एका जागी उभे राहून कॅमेरा वळवला, तर भिंतीचा दूरचा भाग तिरका आणि बारीक होत जातो आणि अक्षरे वाचता येत नाहीत. म्हणून तो कॅमेराच भिंतीलगत पुढे सरकवत गेला. २१ छायाचित्रे जोडून त्याने सुमारे १९ फूट लांबीची पट्टी तयार केली. अशा कामात भिंतीपासूनचे अंतर, उंची आणि उजेड दर खेपेला सारखा राखावा लागतो, नाहीतर शेजारच्या दोन तुकड्यांत ओळी जुळतच नाहीत. दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यनने हा खर्च चैनीचा ठरवून काम बंद पाडले. पुराव्याचे काम चैन ठरले, याचे आजही वाईट वाटते.

१८७५ मध्ये सिडनीत चार्ल्स बेलिसने, सोन्याच्या खाणीतून श्रीमंत झालेल्या बर्नहार्ट होल्टरमनच्या पैशावर, त्याच्याच घराच्या मनोऱ्यावरून २३ छपाया जोडून जवळपास १० मीटर लांबीचे शहरदृश्य तयार केले. तीन वर्षांनी एडवर्ड मायब्रिजने सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवरून १३ मोठ्या काचांवर पूर्ण ३६० अंश टिपले. तेव्हा ओल्या कोलोडियनची पद्धत होती. काचेवर द्राव पसरायचा, तो वाळण्याआधी फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. एवढे सगळे तेरा वेळा. त्या दरम्यान सूर्य काही थांबत नाही, त्यामुळे घरांच्या सावल्या बारकाईने पाहिल्या तर एका काचेवरून दुसरीवर जाताना वेळ सरकलेली कळते. जोडलेला पॅनोरामा एका क्षणाचा नसतो. त्यात काही तास दडलेले असतात, आणि पाहणाऱ्याला हे माहीत असायला हवे.

वेळेइतकाच त्रास जागेचा. एक बोट डोळ्यांसमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, तर मागच्या भिंतीवरून बोट उडी मारल्यासारखे दिसते. कॅमेरा वळवताना लेन्सची जागा जराशी सरकली तरी असेच होते. जवळचा खांब मागच्या इमारतीच्या तुलनेत हलतो आणि मग तो सांधा कशानेही जुळत नाही. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवून चालत नाही, तर प्रकाश लेन्समध्ये जिथून शिरल्यासारखा दिसतो त्या बिंदूभोवती फिरवावा लागतो. पॅनोरामा काढणारे त्याला सवयीने नोडल पॉइंट म्हणतात.

कात्री आणि गोंदाचे राज्य फार काळ टिकले. १९६६ ते १९६८ दरम्यान चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेअर यानांनी पाठवलेली छोटी छोटी चित्रेसुद्धा माणसांनी हाताने गोलाच्या आतल्या पृष्ठभागावर चिकटवली होती.

खरा बदल गणिताने केला, आणि तो एकदम झाला नाही. १९८१ मध्ये फिशलर आणि बोल्स यांनी दोन चित्रांतल्या सारख्या वाटणाऱ्या बिंदूंच्या चुकीच्या जोड्यांच्या गर्दीतून बरोबर जोड्या शोधायची युक्ती मांडली: मोजकेच बिंदू यदृच्छेने उचला, त्यावरून अंदाज बांधा, बाकीचे किती बिंदू त्याला दुजोरा देतात ते मोजा, आणि हे पुन्हा पुन्हा करा. १९८३ मध्ये बर्ट आणि अॅडल्सन यांनी सांधा पुसण्याचा मार्ग दाखवला. आभाळाच्या छटेसारखे सावकाश होणारे बदल रुंद पट्ट्यात मिसळायचे आणि पानांच्या कडांसारखे बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यात. त्यामुळे रंग जुळतात आणि कडाही पुसट होत नाहीत. आजही बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात याच कल्पना आहेत.

सामान्य माणसाच्या हाती हे आले ते हेल्मुट डेर्श यांच्यामुळे. जर्मनीतल्या फुर्टवांगनच्या या प्राध्यापकांनी १९९८ मध्ये पॅनोरामा टूल्स हे सॉफ्टवेअर फुकट खुले केले. लेन्सची वक्रता काढणे, चित्र गोलावर पसरवणे, सगळे त्यात होते. मात्र दोन फोटोंतले सारखे बिंदू स्वतः नेमून द्यावे लागत. पुढे एका कंपनीच्या पेटंटच्या दाव्यांमुळे डेर्श बाजूला झाले. परवाना मुक्त असल्याने कोड मात्र लोकांकडे राहिला आणि त्यावर हगिनसारखी साधने उभी राहिली. या क्षेत्रातल्या हौशी माणसांवर डेर्श यांचे फार मोठे ऋण आहे.

बिंदू नेमायचे कष्ट व्हँकुव्हरमध्ये संपले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये सिफ्ट ही पद्धत मांडली. फोटो लहान-मोठा असो वा फिरलेला, त्यातले ठळक बिंदू आकड्यांच्या ओळखीने पुन्हा सापडतात. २००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन आणि लो यांनी त्यावर असे काम उभे केले की फोटोंचा सरमिसळ ढीग दिला तरी कोणते फोटो एकमेकांचे हे यंत्र स्वतःच ओळखू लागले. सिफ्टचे पेटंट २०२० मध्ये संपले.

त्यानंतर आकड्यांची चढाओढ लागली. २००३ मध्ये मॅक्स लायन्स यांनी अमेरिकेतल्या ब्राइस कॅन्यनचे १९६ फोटो जोडून एक अब्ज पिक्सेलचा टप्पा ओलांडला, तोही सहा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने. दहाच वर्षांनी लंडनच्या बीटी टॉवरवरून काढलेला पॅनोरामा ३२० गिगापिक्सेलचा, म्हणजे ३२० अब्ज पिक्सेलचा, झाला, ४८,६४० फोटोंचा. नुसत्या आकारासाठी केलेली अशी कामे मला फारशी ओढत नाहीत. अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’चे ८,४३९ फोटोंतून केलेले ७१७ गिगापिक्सेलचे चित्र मात्र वेगळे आहे. तिथे एकेक पिक्सेल पाच मायक्रोमीटरचा आहे, आणि रंगाचा कण कुठे झिजतो आहे हे पाहणाऱ्या जतनकारांना त्याची गरज होती. ट्राइपप्रमाणे तिथेही कॅमेरा एका जागी वळवला नाही, चित्राला समांतर सरकवला.

जतनाचा प्रश्न खुद्द या जोडचित्रांनाही आहे. मोठे पॅनोरामा वेबवर झूम करून दाखवण्यासाठी अनेकांनी फ्लॅश हे ब्राउझरमध्ये चालणारे सॉफ्टवेअर वापरले होते. ते २०२० च्या अखेरीस बंद पडले. मायक्रोसॉफ्टची फोटो जोडून दाखवणारी फोटोसिंथ ही सेवा २०१७ मध्येच थांबली होती. म्हणून जोडून झालेल्या चित्राइतकेच सुटे मूळ फोटो जपणे निकडीचे आहे. लुनार ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये चंद्राची चित्रे पट्ट्यापट्ट्यांनी पाठवली आणि पृथ्वीवर त्या पट्ट्या जोडल्या गेल्या. त्या छापील चित्रांत सांधे ढळढळीत दिसत. मूळ चुंबकीय फिती मात्र कुणीतरी आग्रहाने सांभाळून ठेवल्या होत्या. २००८ मध्ये त्या पुन्हा वाचल्या गेल्या, तेव्हा तीच चित्रे पूर्वी कधीच न दिसलेल्या तपशिलासह नव्याने उभी करता आली.